घाट चढवणारा काटा

चढ दिसला की ट्रकना घाम फुटायचा, त्या काळातली गोष्ट. भागीरथी नावाच्या म्हाताऱ्या ट्रकमध्ये सोपानदादा ड्रायव्हरने भंगारातल्या रेसच्या गाडीचं जुनं मीटर बसवलं. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, ते दाखवणारं. वायर जोडताच मीटर गरजलं, "म्हातारे, माझा काटा हलतो म्हणून तुझं इंजिन फिरतं!"

"बरं बाबा," भागीरथी म्हणाली.

दसऱ्याला सोपानदादाने मीटरला झेंडूचा एवढा घसघशीत हार घातला, की त्याचं तोंडच झाकलं. मग तो ट्रक घेऊन निघाला आणि घाट लागला.

"थांबा! काटा दिसत नाही, आता इंजिन फिरणार कसं?" मीटर बोंबललं.

भागीरथी नेहमीसारखी धापा टाकत माथ्यावर पोचली. "आता बोल," ती म्हणाली.

हारामागून ऐटीत आवाज आला, "पाहिलंस? डोळे झाकूनसुद्धा चढवला!"