हरल्याचं कारण

कृष्णेकाठच्या एका गावात सुलक्षणा पाटणे नावाची एक बाई राहत होती. मोबाइलवर खेळायचे खेळ ती स्वतः तयार करत असे. तिच्या सगळ्यात गाजलेल्या खेळाचं नाव होतं तटबंदी. दोन खेळाडू, दोघांचा एकेक किल्ला. आपला सांभाळायचा आणि समोरच्याचा घ्यायचा. एक जण नाशिकला, दुसरा नांदेडला, दोघं आपापल्या घरी बसून एकमेकांशी लढत. जुने खेळाडू तर खेळता खेळता जेवायचंही विसरत.

पण नवीन माणसं टिकत नव्हती. शंभर जण आले तर नव्वद पहिल्याच दिवशी खेळ सोडून जात. जुन्यांपैकीही कोणी ना कोणी गळत होतं, त्यामुळे लढायला जोडीदार मिळेनासा झाला. सुलक्षणाबरोबर काम करणाऱ्या इर्शाद मुजावरनं हिशोब मांडून सांगितलं की असंच चाललं तर वर्षभरात तटबंदीला टाळं लावावं लागेल.

सुलक्षणाचं मत ठरलेलं होतं. हल्लीच्या लोकांना धीर नाही. तरी तिनं प्रयत्न केले. आधी चाळीस पानांचे धडे लिहिले. लोक एक ओळही न वाचता 'पुढे, पुढे' दाबत सुटले. मग तिनं धडे काढून टाकले आणि नवीन माणसासमोर मुद्दाम हरणारा एक बावळट सेनापती उभा केला. त्याला संगणकच चालवायचा. त्याच्याशी दहा लढाया जिंकून लोक खूश होत. अकराव्या लढाईला खरा माणूस समोर आला की मिनिटभरात किल्ला पडे, आणि ते आधीपेक्षा जास्त चिडून निघून जात.

एके दिवशी सकाळी तिच्या कचेरीत तातोबा मगदूम आले. वय त्रेसष्ट, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांची नात नागपूरला शिकत होती आणि तटबंदीत चांगली मुरलेली होती. तिच्याशी फोनवर बोलायला विषय पुरत नसत, म्हणून अण्णांनी खेळ शिकायचं मनावर घेतलं होतं. बावळट सेनापतीला हरवून झाल्यावर खऱ्या माणसांशी तीस लढाया खेळले, तीसही हरले.

"ताई, मला जिंकवू नका," अण्णा म्हणाले. "मी का हरतो, तेवढं सांगा."

सुलक्षणानं त्यांना शेजारी बसवलं आणि लढाई सुरू करायला सांगितली. अर्ध्या मिनिटात तिला राहवेना. तिनं फोन त्यांच्या हातातून घेतला, बोटं भराभर फिरवली आणि लढाई जिंकून फोन परत दिला. तिला वाटलं, आता अण्णांना कळलं असेल.

अण्णांनी फोन टेबलावर ठेवला. "बावीस वर्षं मी डेपोत नवीन ड्रायव्हर तयार केले. स्टिअरिंग कुणाच्या हातातून घेतलं नाही. घेतलं की तो माझी गाडी बघत बसतो. त्याची त्याला चालवता येत नाही."

इर्शादनं मान खाली घातली. सुलक्षणाचे कान लाल झाले. हा खेळ तिनं बनवला होता, आणि ज्यांना आजवर एकही खरी लढाई जिंकता आली नव्हती ते अण्णा तिलाच शिकवत होते. दोन शब्द सुनावून त्यांना वाटेला लावणं सोपं होतं. तिच्या तोंडापर्यंत ते शब्द आलेही. पण सोडून गेलेल्या हजारो माणसांपैकी एकानंही तिला असं समोर बसून काही सांगितलं नव्हतं. तिनं ते शब्द गिळले आणि हात मांडीखाली दाबून बसली.

"खेळा अण्णा," ती म्हणाली. "मी नुसती बघते."

अण्णा खेळले आणि हरले. त्यांचा दरवाजा लाल होऊन लुकलुकत होता तरी त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं का म्हणून विचारलं, तर अण्णा म्हणाले की त्यांना ती दिवाळीची रोषणाई वाटली होती. सुलक्षणाला हसू आलं, आणि हसता हसताच तिनं वही ओढली. लाल रंग म्हणजे दरवाजा फुटायला आलाय, हे तिनं कुठेच सांगितलं नव्हतं. किल्ल्यातलं पाणी संपतं, हेही अण्णांना ठाऊक नव्हतं. आणि हरल्यावर पडद्यावर नगारा वाजून एकच शब्द येई, पराभव. कशामुळे, ते नाही.

अण्णा आठ दिवस येत राहिले. ते चुकत आणि सुलक्षणा लिहून घेई. सुरुवातीला ती अण्णांची चूक म्हणून लिहायची, पुढे स्वतःची म्हणून लिहू लागली. वही भरत आली.

मग तिनं खेळ नव्यानं बांधायला घेतला. इर्शादला काळजी वाटली की जुने खेळाडू खेळ सोपा केला म्हणून ओरडतील. सुलक्षणानं त्याला सांगितलं की खेळातला एकही नियम बदलायचा नाही, फक्त शिरायची वाट बदलायची. तिनं बावळट सेनापती घालवला. पहिल्या लढाईत आता नवख्यासमोर नवखाच यायचा. दोघांनी फक्त समोरच्याचा दरवाजा फोडायचा आणि आपला राखायचा, बाकी काही नाही. ते जमलं की पाणी, मग पुढचं. आणि कोणी हरला की नगाऱ्याऐवजी एक साधी ओळ दिसे: 'तुमचं पाणी संपलं होतं' किंवा 'मागचा दरवाजा उघडा राहिला.' शेजारीच पुन्हा लढायचं बटण.

महिनाभरानं इर्शादनं आकडे काढले. शंभरातले साठ जण टिकत होते. जुन्यांपैकी काहींनी कुरकुर केली खरी, पण त्यांनाही आता क्षणात जोडीदार मिळत असल्यामुळे कुरकुर फार दिवस चालली नाही.

अण्णा नातीशी लढले ती लढाई कचेरीत बसूनच झाली. त्यांनी बराच वेळ किल्ला धरून ठेवला. एकदा तर नातीचा बुरूजही पाडला. शेवटी ते हरले. पडद्यावर कारण उमटायच्या आधीच त्यांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "बुरूज पाडायच्या नादात मी सगळी माणसं बाहेर काढली. आत कुणी उरलंच नाही."

पडद्यावर नेमकी तीच ओळ आली. तेवढ्यात नातीचा फोन आला आणि अण्णा बोलत बोलत व्हरांड्यात गेले. आजोबा आणि नात त्या बुरुजाबद्दल चांगला अर्धा तास बोलत होते.

सुलक्षणाच्या डोळ्यांसमोर ती ओळ तशीच राहिली. अण्णांना आता तिची गरज उरली नव्हती. तिनं इर्शादला बोलावलं आणि दोघांनी खेळात आणखी एक बदल केला. हरल्यावर कारण सांगण्याआधी आता खेळ खेळाडूलाच विचारणार होता, 'काय चुकलं असेल?' ज्याचं उत्तर सलग पाच वेळा बरोबर येईल, त्याला ती ओळ पुन्हा दिसणार नव्हती.

तात्पर्य: शिकणारा अडला की त्याला नावं ठेवण्याआधी आपण काय सांगायचं राहिलं ते शोधावं, आणि ज्याला स्वतःच्या हरण्याचं कारण स्वतः सांगता येऊ लागलं, तो शिकला असं समजावं.