वाचल्याची खूण

फलटणच्या तान्हुबाई जगदाळे लेकीच्या बाळंतपणाला सिंगापूरला निघाल्या होत्या. विमानतळावर त्यांनी ऑनलाइन भरलेल्या फॉर्मचा कागद काउंटरवर ठेवला.

"यात काही राहिलंय का बघा, साहेब. मला वाचता येत नाही."

साहेब कडाडले, "मग 'मी सगळं वाचलं आहे' यावर खूण कशी केली? खोटं लिहिणाऱ्याला मी विमानात सोडत नाही!"

मागची रांग हसली.

तान्हुबाई म्हणाल्या, "शेजारच्या मास्तरीणबाईंकडून तीनदा वाचून घेतलं, तेव्हा खूण केली. तरी चुकलं म्हणता, तर या रांगेत ज्यांनी शेवटपर्यंत वाचून खूण केली, त्यांना आधी सोडा. मी त्यांच्यामागे उभी राहते."

रांगेतलं कोणीच पुढे आलं नाही. साहेबांनाही स्वतःचे फॉर्म आठवले असावेत. त्यांनी मुकाट्यानं पहिला बोर्डिंग पास तान्हुबाईंच्या हातात ठेवला.