येसू गवंडीण आणि खापरांचा ढीग

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. मोजत बसलो तर गोष्ट राहून जाईल. तेव्हा एक नगर होतं, नगराला एक राजा होता, आणि राजाला पाहुण्या कारागिरांची भारी हौस होती.

त्या नगराची एक रीत होती. दरसाल फाल्गुन लागला की परगावच्या एका कारागिराला बोलावणं जायचं. ज्येष्ठ संपेपर्यंत चार महिने त्यानं नगरात मुक्काम करायचा. राहायला वेशीजवळची खोली, आणि जेवायला वार लावलेले. नगरात आळ्या सात, आठवड्याचे वारही सात. सोमवारी एका आळीत, मंगळवारी दुसऱ्या, असं फिरून जेवायचं. बदल्यात कारागिरानं नगरासाठी काहीतरी घडवायचं. अट एकच. नवा दगड, नवं लाकूड, नवी वीट घ्यायची नाही. नगरानं जे टाकून दिलंय त्यातूनच काय ते करायचं.

चांगली रीत होती. मला तर मनापासून आवडते. पण चांगल्या रीतीची वाट कशी लावायची हे माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. तेच सांगतो, ऐका.

त्या साली येसू नावाची गवंडीण आली. चाळिशीची, अंगानं काटक, बोलायला कमी. बाप गवंडी, नवरा गवंडी. दोघंही गेले आणि थापी हिच्या हाती राहिली. राजानं विचारलं, "बाई, काय बांधणार?"

"आधी बघते, महाराज," येसू म्हणाली, "तुमच्या लोकांनी काय काय टाकलंय ते."

बघितलं तर जिकडे तिकडे खापरं. त्या नगरात वर्षाच्या सणाला जुनी मडकी टाकून नवी आणायची पद्धत होती. माठ, घागरी, रांजण, सगळं ओढ्याकाठी नेऊन आपटायचं आणि मागं वळून न बघता घरी यायचं. पणज्या-खापरपणज्यांपासून साचलेला तो ढीग वाढत वाढत ओढ्याच्या पात्रात उतरला होता. पाण्याला जायला हातभर वाट उरली होती. पावसाळ्यात तिथं पाणी तुंबायचं आणि मागं फिरून थेट खालच्या आळीत शिरायचं. सखल जागा ती, तीस घरं, सगळी हातावर पोट असलेल्यांची.

येसूचं सोमवारचं जेवण याच आळीत असायचं, गोदामावशीकडे. गोदामावशी एकटी बाई, लोकांचे कपडे धुऊन राहायची. पहिल्याच सोमवारी वाढता वाढता तिनं घराच्या भिंतीवरची एक मळकी रेघ दाखवली. रेघ कमरेच्या वर होती.

"गेल्या साली इथवर पाणी होतं," ती म्हणाली. "दोन शेळ्या होत्या माझ्या. दावं सोडायला गेले तोवर गेल्या. या साली पुन्हा पाणी शिरलं तर मी घर सोडणार बघ. जाणार कुठं, ते मात्र ठाऊक नाही."

येसूचा घास हातातच राहिला. "मावशी, पावसाच्या आत तो ढीग मी हलवते. माझा शब्द."

"बरं बाई, हलव," गोदामावशी म्हणाली. "जेव आधी, भाकरी गार होतेय."

दुसऱ्या दिवसापासून येसू कामाला लागली. ढिगातली खापरं वेचायची, धुवायची, चुन्यात बसवायची, आणि ओढ्याच्या उंच काठानं भिंत चढवत न्यायची. नुसती आडवी भिंत नव्हे हं. मधे मधे बसायला कट्टे होते. पाखरांसाठी पाण्याचे उथळ परळ होते. एका ठिकाणी तर उंची अशी धरली होती, की बाईमाणसाला डोक्यावरची पाटी कुणाच्या हातभाराविना टेकवता यावी आणि दम खाऊन तशीच उचलता यावी. खापरांवर गेरूचे, चुन्याचे, काजळीचे रंग होते. त्यातून फुलं उमटली, वेली उमटल्या. पूर्वी नाकाला पदर लावून जिथून जायचे, तिथं लोक संध्याकाळी गप्पा मारायला येऊन बसू लागले. चैत्र संपेपर्यंत पन्नास हात भिंत झाली आणि ढीग निम्म्यावर आला.

इथंच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण नाही.

त्या नगरातली प्रत्येक आळी आपली मडकी आपल्या पद्धतीनं रंगवून घ्यायची. तांबट आळीच्या घागरींच्या गळ्याला पांढरी नक्षी. साळी आळीच्या माठांना काळा काठ. एका संध्याकाळी साळी आळीतली रंभाबाई कट्ट्यावर बसली, भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली आणि म्हणाली, "अगंबाई, यात आमचा काळा काठ कुठंच दिसत नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगावर काळ्या काठाची दहा-बारा खापरं येऊन पडली. ती भिंतीत लागली. ते तांबट आळीनं पाहिलं, आणि तांबट काय मागं राहणार? त्यांनी पंधरा घागरी फोडल्या. मग तेली आळी चिडली. पाणी भरलेले, धडधाकट माठ लोक दारात फोडू लागले, आणि पाटीत घालून मिरवत ढिगावर आणू लागले. कुंभाराच्या चाकाला उसंत मिळेना. जो तो येसूला विचारायचा, "आमचं कुठं लावलंस?"

राजा भिंत बघायला आला आणि हरखून गेला. "बाई, इथं एक मोर कर," तो म्हणाला. "मोठा, पिसारा फुलवलेला. आमच्या वाड्यातले निळे रांजण पाठवतो." बारा निळे रांजण वाड्याच्या पायऱ्यांवर वाजतगाजत फोडले गेले.

येसूनं मोर केला. खरं सांगायचं तर तिलाही मोह झाला. बापाच्या हाताखाली लागल्यापासून तिनं चुली बांधल्या, हौद बांधले, गोठे बांधले. मोर कुणी सांगितला नव्हता. रोज सकाळी ती पिसाऱ्यापुढे उभी राहायची, आणि तिला फार बरं वाटायचं. ढिगाकडे बघायचं राहून गेलं.

वैशाखातला एक बुधवार. ऊन असं की पाय पोळावेत. त्या दिवशी येसूचं जेवण रंभाबाईकडे होतं. येसूनं पाणी मागितलं. रंभाबाईनं पितळी तांब्या पुढं केला. पाणी कोमट होतं.

"माठातलं दे ना गं," येसू म्हणाली.

"माठ कुठला आता?" रंभाबाई कौतुकानं हसली. "कालच फोडला, तुझ्या भिंतीसाठी. कुंभाराला नवा सांगितलाय, पण त्याच्याकडे ही रांग. आठ दिवस तरी असंच भागवायचं." कोपऱ्यात तिचा म्हातारा सासरा तेच कोमट पाणी ओठ ओले करण्यापुरतं पीत होता.

येसूला पुढं जेवण गेलं नाही. ती उठली ती तडक ढिगावर गेली. चैत्रात निम्म्यावर आलेला ढीग आता तिच्या डोक्यावर गेला होता. महिनाभर ती रोज त्यातून पाट्या उचलत होती आणि तो रोज वाढत होता. तिनं एक खापर हातात घेतलं. जुनं फुटलेलं खापर गवंड्याला लगेच कळतं. त्याची कड झिजलेली, मातकट असते. ही कड लालबुंद होती आणि धारेची होती. तिचं बोट कापलं. वरचा सगळा ढीग तसाच, ताज्या फुटीचा. आणि आषाढाला जेमतेम महिना-सव्वा महिना उरला होता.

तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना सांगितलं, "यापुढं जुनी फूटच घेईन. ताजी चालणार नाही." मग लोकांनी काय करावं? घरी माठ फोडायचा, खापरांच्या कडा विटेवर घासायच्या, शेणमातीत लोळवायच्या, आणि म्हणायचं, ही आजीच्या वेळची. अक्कल नको तिथं कशी सुसाट धावते बघा.

येसू राजाकडे गेली. "महाराज, भिंत थांबवते."

"थांबवतेस? अगं, चार गावचे लोक बघायला येताहेत. सामान कमी पडतंय का तुला?"

"सामान फार झालंय, महाराज. ढीग वाढतोय. खालची आळी बुडेल."

"पावसाचं पावसाच्या वेळी बघू," राजा म्हणाला. "तू मोरापुढं लांडोर कर. ज्येष्ठ संपला की तुला भरदरबारात शालजोडी देतो, आणि भिंतीवर तुझं नाव कोरून घेतो."

गवंड्याचं नाव कुणी भिंतीवर कोरत नाही. घर ज्याचं, नाव त्याचं. तिच्या बापानं अख्खा जन्म बांधकामात घालवला, त्याचं नाव एका विटेवर नाही. त्यामुळं येसूला ते सोडून देणं सोपं गेलं नाही, हे लक्षात ठेवा. ती बराच वेळ वाड्याबाहेर ओट्यावर बसून राहिली. मग उठली आणि खालच्या आळीत जाऊन बैलजोडी मागून आणली.

ढिगाशेजारी तिनं चुन्याची घाणी मांडली. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. खापरं चाकाखाली घालायला सुरुवात केली. काळा काठ गेला, पांढरी नक्षी गेली. बाहेर पडली ती एकसारखी लाल पूड. गवंडी तिला सुरखी म्हणतात. ती चुन्यात कालवली की पाण्यातसुद्धा दगडासारखी धरते. ढीग जसजसा मागं हटला, तसतसं ती ओढ्याचं पात्र मोकळं करून त्या चुन्यानं बांधत गेली.

रंभाबाई आली. "आमचा काठ कुठं लावलास?"

"यातच आहे."

"दिसत नाही."

"आता कुणाचाच दिसायचा नाही," येसू म्हणाली.

दिसणार नाही म्हटल्यावर फोडायचं कशाला? तीन दिवसांत ढिगावर नवं खापर येईनासं झालं. पण मोर उभा होता तोवर लोकांना आशा होती, की आज ना उद्या भिंत पुन्हा सुरू होईल. त्यांनी फोडलेली मडकी घरात जपून ठेवली, आणखी फोडायची बाजूला काढून ठेवली. येसूला ते कळलं. एका सकाळी तिनं हातोडी घेतली आणि मोर स्वतःच्या हातानं उतरवला. पहिली पन्नास हात भिंत, जुन्या खापरांची, तिनं राखली. त्यापुढची, हौसेनं फोडलेल्यांची, सगळी पाडून घाणीत घातली. पिसारा फोडताना ती रडत होती, आणि तिनं डोळे पुसलेही नाहीत.

नगर खवळलं. सहा आळ्यांनी तिचे वार बंद केले. मंगळवारी ती तांबटांच्या दारात उभी राहिली, कुणी कडी काढली नाही. राजानं शालजोडी परत कोठीत ठेवायला सांगितली. मग सातही दिवस येसू गोदामावशीच्या अर्ध्या भाकरीवर राहिली. खालच्या आळीतली माणसं मात्र आपापली कामं उरकून पाट्या घेऊन यायची आणि अंधार पडेपर्यंत पात्रात राबायची. ज्येष्ठाच्या शेवटच्या दिवशी ढिगाची शेवटची पाटी उचलली गेली.

मुक्काम संपला होता, पण येसू गेली नाही. गोदामावशीच्या ओसरीवर पथारी टाकून थांबली.

आषाढात ओढ्याला पूर आला. तीन दिवस पाणी चढत होतं. गोदामावशीनं लुगडी आणि भांडी गाठोड्यात बांधून ठेवली होती. पाणी तिच्या पायरीला लागलं, तिथंच जरा घुटमळलं आणि बांधलेल्या पात्रातून निघून गेलं. तीस घरांपैकी एकाही घराचा उंबरा भिजला नाही. गोदामावशीनं गाठोडं सोडलं आणि चूल पेटवली.

चौथ्या दिवशी राजा आला. पात्र बघितलं, कोरडे उंबरे बघितले. "चुकलो, बाई," तो म्हणाला. "अजून चार महिने राहा. हवं ते बांध."

"कशातून बांधू, महाराज? ढीग संपला."

"मग पुढल्या साली येणाऱ्या कारागिरानं करायचं काय?"

"आठ दिवस जेवावं आणि घरी जावं," येसू म्हणाली. "टाकलेलं काही उरलंच नाही, तर याहून आणखी काय हवं नगराला?"

राजा ओशाळून हसला. त्या सालापासून सणाला धड मडकं टाकायचं नाही, असा हुकूम झाला. कुंभाराची चाकं पुन्हा बेताबेतानं फिरू लागली.

येसू निघाली तेव्हा गोदामावशी वेशीपर्यंत आली. भाकरीचं फडकं तिच्या हातात दिलं आणि तिचा हात सोडेना. "आता कशाला येशील गं तू इकडे?" ती म्हणाली. "तुला परत बोलवायला एखादा माठ फोडू का?"

"फोडलास तर यायची नाही, मावशी," येसू म्हणाली. "जपून ठेवलास तर येईन, पाणी प्यायला."

म्हणून लहानमोठ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: फुटलेलं कामी लावावं, पण कामी लावायला म्हणून धड ते फोडू नये.