कुंभाराच्या घरातली न हलणारी ज्योत

डोंगराच्या डोक्यावर, जिथे वारा आधी पोचतो आणि बातमी मागाहून, अशा एका गावात एक कुंभार राहत होता. घरात त्याची बायको, दोन लहान पोरं आणि म्हातारा बाप. दारात एक गाढव आणि परसात आवा. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी, जिच्यात मडकी भाजतात.

या गावातली थंडी भारी वाईट, आणि गावाची खोड त्याहून वाईट. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी गावातल्या बायका हातात दिवा घेऊन घरोघर जायच्या आणि प्रत्येकाची घडवंची बघायच्या. घडवंची म्हणजे अंथरुणं रचून ठेवायची लाकडी मांडणी. तिच्यावर गोधड्या, वाकळा, रजया रचलेल्या असायच्या. ज्याची रास सगळ्यात उंच, त्या घरच्या वडीलधाऱ्याने गावची पहिली शेकोटी पेटवायची. मान एवढाच. पण त्यापायी माणसं काय काय करायची, विचारू नका. कुणी मधल्या घडीत पेंढा कोंबायचा, कुणी गुपचूप पाट सरकवायचा. वर आणखी नेम असा की एकदा रचलेली रास शिमग्यापर्यंत मोडायची नाही, कारण वापरला की कापूस दबतो आणि रास बसते. मग ऐन पौषात शहाणी माणसं रजयांच्या राशीकडे बघत कुडकुडत बसायची.

कुंभाराच्या बापाने हा मान एकदा मिळवला होता. तेव्हा त्याची बायको हयात होती, आणि तिने शिवलेल्या गोधड्या आढ्याला टेकल्या होत्या. ती गेली, गोधड्या विरल्या, मान पाटलाच्या घरी गेला. म्हाताऱ्याच्या मनातून मात्र ती शेकोटी काही विझली नव्हती.

मागच्या थंडीत म्हाताऱ्याच्या छातीत कफ भरला. समोरची पणती फुंकायची म्हटली तरी त्याला श्वास पुरेना. वैद्याने नाडी बघितली आणि सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, "या खेपेला निभावलं. पुढची थंडी अशीच अंगावर काढलीत तर म्हातारा हाती लागायचा नाही."

सुनेने ते मनात धरून ठेवलं.

त्यातून यंदा साल कठीण आलं. अवेळी पावसाने एक भरलेला आवा भिजवला आणि निम्मी मडकी चिखलात गेली. हाताशी राहिले ते दिवाळीच्या पणत्यांचे पैसे. त्यात एक तर रजया येणार, नाही तर थंडीची बेगमी होणार. दोन्ही होणं शक्य नव्हतं.

म्हातारा म्हणाला, "पिंजाऱ्याकडून मखमली खोळीच्या जाड रजया आणा. जुन्या वाकळांवर त्या ठेवल्या की रास पाटलाच्या वर जाईल. माझे डोळे मिटायच्या आत मान एकदा घरी येऊ द्या."

कुंभार बापापुढे बोलायचा नाही. तो बायकोकडे बघत राहिला.

सून म्हणाली, "मामंजी, मान आला आणि तुम्ही गेलात, तर तो मान मी कुठल्या फडताळात ठेवू?"

"मी आज आहे, उद्या नाही. मान नातवंडांना पुरेल."

"नातवंडांना आजोबा पुरू द्यात आधी," सून म्हणाली. मग तिने भिंतीतल्या भेगेत हात घातला. कोपरापर्यंत नाही, पण मनगटापर्यंत सहज गेला. "आव्याला एवढीशी चीर राहिली तर तुम्ही बापलेक भरल्या ताटावरून उठता. म्हणता, ऊब निघून गेली, मडकी कच्ची राहणार. आणि आपण माणसं राहतो त्या घराच्या भिंतीतून मांजर ये-जा करील. फुटक्या आव्यावर कितीही गोवऱ्या रचल्या तरी मडकं भाजतं का?"

म्हातारा रुसला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

कुंभार हळूच म्हणाला, "अगं, पण लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील आणि आपापल्या घरी जाऊन झोपतील. आपल्याला झोपायचंय ते या घरात."

झालं, ठरलं. पणत्यांच्या पैशातून तिने धनगराकडून एक जाडजूड काळी घोंगडी घेतली, ती सासऱ्यासाठी. उरल्या पैशात बाजरी, तीळ आणि गुळाची ढेप आली. आणि पैसे संपले.

आता भिंती लिंपायच्या कशाने? माती घरचीच होती. गाढवाची लीदही होती, गाढव त्या बाबतीत कधी हात आखडत नाही. राहिलं भाताचं तूस आणि राख. ती सगळ्या गावाची उकिरड्यावर पडलेली. सून पाटी घेऊन तिकडे निघाली.

पाणवठ्यावर बायका होत्याच. त्यांतली पाटलीण हसून म्हणाली, "म्हणतात ते खोटं नाही गं. कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर यायचीच."

दुसरी एखादी मान खाली घालून गेली असती. ही थांबली, पाटी कमरेवर घेतली आणि म्हणाली, "आले की, पाटलीणबाई. तुम्ही टाकलेलं न्यायला आले. तुम्हाला लागत असेल तर ठेवते."

पाटलीणबाई कशाला राख परत घेतायत. सगळ्याजणी पुन्हा हसल्या आणि ही पाटी भरून ताठ मानेने घरी आली.

मग घरात चिखल तुडवणं सुरू झालं. कुंभाराच्या पायांना ती विद्या शिकवावी लागत नाही. नवरा-बायको आणि दोन्ही पोरं माती, लीद, तूस आणि राख पायांनी मळत होती, पोरांची तर चंगळ झाली. भिंतींच्या भेगा आत-बाहेरून बुजल्या. मग सगळे छपराकडे वळले, आणि तिथे खरी गंमत कळली. गावभर कौलं पुरवणाऱ्या कुंभाराच्या स्वतःच्या छपरावर निम्मी कौलं फुटकी होती. चांगली विकायची आणि तडकलेली घरी वापरायची, ही त्यांची तीन पिढ्यांची रीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. परसात वाकडी भाजलेली, पण धड कौलं पडली होती. ती कुणी विकत घेत नव्हतं. ती छपरावर चढली. छप्पर दिसायला वेडंवाकडं झालं, पण आतून आभाळ दिसेनासं झालं.

कुंभार उत्साहाच्या भरात चुलीवरचं धुराडंही बुजवायला निघाला. बायकोने हात धरला.

"ते नको. आव्यालासुद्धा आपण वर एक तोंड ठेवतो. नाहीतर विस्तव गुदमरतो, आणि माणूसही."

शेवटी तिने जाड खापरं निवडून ठेवली. संध्याकाळी ती चुलीत तापवायची, चिंध्यांत गुंडाळायची आणि अंथरुणात पायाशी ठेवायची. खापर पहाटेपर्यंत ऊब धरतं, हे कुंभाराच्या घरात नाही कळणार तर कुठे?

पौर्णिमा आली. बायका दिवे घेऊन निघाल्या. वारा सुटला होता, तेव्हा रस्त्यातच काय, लोकांच्या घरातसुद्धा त्या पदर आडवा धरून ज्योत सांभाळत होत्या. कुंभाराच्या घरी येऊन बघतात तर घडवंचीवर चार विरलेल्या गोधड्या.

पाटलीण म्हणाली, "यंदा घडवंची उपाशीच दिसते."

"घडवंची उपाशी आहे, माणसं नाहीत," सून म्हणाली. "या, बसा. तिळगूळ संक्रांतीलाच खावा असं कुठेय?"

बायकांनी दिवे जमिनीवर ठेवले आणि टेकल्या. टेकल्या त्या टेकल्याच. इतर घरी उभ्याउभ्या बघून निघत होत्या, इथे मात्र गप्पा रंगल्या आणि उठावंसं कुणालाच वाटेना. का, ते कुणाला उमगलं नाही. कोपऱ्यातून म्हातारा बघत होता. जमिनीवरच्या दिव्यांना आडोसा नव्हता, तरी एकाही दिव्याची ज्योत हलत नव्हती. म्हाताऱ्याला ते दिसलं. पण रुसलेला माणूस दिसलेलं बोलत नाही.

मान पाटलाला मिळाला. शेकोटी पाटलाने पेटवली, आणि म्हातारा घोंगडी डोक्यावरून ओढून झोपून गेला.

पौष उजाडला आणि डोंगरावरून बोचरा वारा उतरला. रांजणातल्या पाण्यावर पापुद्रा धरू लागला. गावात घरोघर खोकले सुरू झाले. कुंभाराच्या घरी बाजरीची भाकरी, चुलीची धग आणि पायाशी खापर. म्हातारा रोज सकाळी उठायचा, छातीवर हात ठेवून बघायचा आणि चाकावर जाऊन बसायचा. सून त्याच्याकडे चोरून बघायची. एकेक दिवस सरत होता तशी तिच्या जिवावरची धोंड हलकी होत होती.

पाटलाच्या घरी लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळ नुकतंच जन्मलं होतं. आधी नेमासाठी रजया काढल्या नाहीत. मग पाटलीणच वैतागली, नेम गेला खड्ड्यात म्हणाली आणि तिने सगळी रास खाली ओढली. पण वाड्याच्या भिंती जागोजागी फुटलेल्या. अंगावर रजया आणि नाकातोंडात वारा. बाळाचे ओठ निळे पडायला लागले आणि ते रडायचंही विसरलं. तेव्हा पाटलिणीला आठवलं, पौर्णिमेला आपण कुठल्या घरून उठायला तयार नव्हतो.

दिवेलागणीला ती लेकीला आणि बाळाला घेऊन कुंभाराच्या दारात उभी राहिली. उकिरड्यावरचं बोलणं तिला आठवत होतं, आणि सुनेलाही आठवत होतंच. असलं बोलणं कोण विसरतं?

पण सून काही बोलायच्या आधी म्हातारा उठला. त्याने आपली घोंगडी बाळंतिणीसाठी अंथरली, तापलेलं खापर स्वतःच्या हाताने चिंध्यांत गुंडाळून बाळाजवळ ठेवलं आणि म्हणाला, "आत ये, लेकी. दार लावून घे." मग तो पाटलिणीकडे वळला. आवाजात राग नव्हता, पण मान अशी ताठ की बघत राहावं. "पाटलीणबाई, आमची सून उकिरड्यावर गेली होती ना, तिथून तिने ही ऊब आणलीय. मी रुसलो होतो तिच्यावर. चूक माझी होती, आणि मला तिचा फार अभिमान वाटतो."

सुनेने तोंड फिरवून चूल सारखी केली. डोळ्यांत पाणी आलं ते धुराने आलं, असं तिने पोरांना सांगितलं.

थोड्या वेळात बाळाचे ओठ गुलाबी झाले आणि ते घर डोक्यावर घेऊन रडायला लागलं. ते रडणं सगळ्यांना त्या दिवशी गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी गाढवावर माती लादून सून वाड्यावर गेली आणि भेगा कशा बुजवायच्या ते दाखवलं. पाटलीणबाईंनी लुगडं खोचून स्वतः चिखल तुडवला. मग काय, सगळं गाव तुडवायला लागलं, आणि उकिरड्यावर राखेला भाव आला.

पुढल्या त्रिपुरी पौर्णिमेला बायका पुन्हा दिवे घेऊन निघाल्या, पण घडवंचीकडे कुणी बघितलं नाही. पाटलिणीनेच नवी रीत काढली होती. दिवा भिंतीच्या कडेकडेने घरभर फिरवायचा, आणि ज्याच्या घरात ज्योत हलणार नाही, त्याचा मान. बऱ्याच घरी ज्योत एखाद्या कोपऱ्यात तरी थरथरली. कुंभाराच्या घरी ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ उभी राहिली.

गाव शेकोटीभोवती जमलं. म्हाताऱ्याच्या हातात पलिता दिला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो मान हातात आला, आणि म्हाताऱ्याने तो पलिता सुनेच्या हातात दिला.

"तू पेटव," तो म्हणाला. "मी आहे तो तुझ्यामुळे आहे."

सुनेने शेकोटीला पलिता लावला. लाकडं दवाने ओली होती, धुमसायला लागली. तेव्हा म्हातारा पुढे झाला, गुडघे टेकून बसला आणि छाती भरून एक लांब फुंकर घातली. जाळ उठला. म्हातारा उभा राहिला, हात झटकले, आणि त्याला एकदाही खोकला आला नाही.

तात्पर्य काढायचंच तर इतकंच: लोकांना दाखवायला रचलेली रास घर राखत नाही, हाती थोडं असलं की आधी घराची भेग बुजवावी, मान दार शोधत येतो.