मिरचीच्या डंकाशेजारचं टेबल

बापूसाहेब ढवणांच्या मसाल्याच्या कारखान्यात इंदूबाई गुरव पंधरा वर्षं पाकिटांना लेबलं लावत होत्या. एक दिवस त्यांनी बायकांच्या संडासाला कडी मागितली. मागून मागितली काय, तर कडी! पण बापूसाहेबांचा पारा चढला. दुसऱ्याच दिवशी बाईंचं टेबल मिरची कांडायच्या डंकाला खेटून मांडलं गेलं. आठ दिवस नाकाडोळ्यांतून धारा वाहिल्या, तेव्हा बाईंनी राजीनामा दिला. त्यात ‘स्वखुशीने’ हा शब्द मालकांनी मुद्दाम लिहून घेतला. त्या एका शब्दापायी बाई नोकरी परत मिळवायचा दावा कोर्टात हरल्या, पण हटल्या नाहीत. अपिलात गेल्या.

सुनावणीला बापूसाहेब कडक इस्त्रीत आले आणि न्यायाधीशांना म्हणाले, “साहेब, बाईंना जा म्हणालं कोण? हात धरून बाहेर काढलं कोणी? आपल्या पायांनी गेल्या!”

“माझी जागा कशी होती, तेवढं दाखवू का साहेब?” इंदूबाईंनी विचारलं.

न्यायाधीशसाहेबांनी मान डोलावली. बाईंनी पिशवीतून ताज्या तिखटाचं पातेलं काढलं, बापूसाहेबांच्या पुढ्यात ठेवलं आणि झाकण उघडलं. वर पंखा गरगरत होताच.

बापूसाहेबांना एक शिंक आली, मग लागोपाठ सात. तोंडाला रुमाल लावून ते जे धावत सुटले, ते थेट व्हरांड्यात.

पदराने नाक दाबत इंदूबाई कोर्टाच्या कारकुनाला म्हणाल्या, “लिहून घ्या भाऊ, मालक स्वखुशीने गेले.”

न्यायाधीशसाहेबांनी डोळे पुसत बाईंना कामावर परत घ्यायला सांगितलं. “आणि ती कडी लावा,” ते शिंकत म्हणाले, “पण आधी त्या पातेल्यावर झाकण ठेवा!”