सातेरी नदीपार गेली

एक होता राजा. राजा कसला, खाडीकाठच्या सात गावांचा धनी. पण मनानं मोठा. आणि त्यांची देवी सातेरी म्हणजे मूर्ती नव्हे, बरं का. वारूळ होतं वारूळ, माणसाहून उंच. पेरणी असो, सोयरीक असो, वारुळाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि देवीला विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. याला म्हणायचं कौल. फक्त दारी आलेल्या पाहुण्यासाठी कौल लावायचा नाही. तो मागेल ते द्यायचं, अशी रीत होती.

एकदा काय झालं, समुद्रातून फिरंग्यांची गलबतं आली. कप्तान म्हणाला, पाणी द्या. राजानं पाण्याबरोबर गूळही दिला. दुसऱ्या वर्षी कप्तान म्हणाला, मिरी ठेवायला जागा द्या. तेव्हा देवीची दिवाबत्ती करणारी देवकू राजाला म्हणाली, "म्हाराजांनू, एकदा पाकळी लावन बघूया."

राजा हसला. "पावण्यासाठी कोण कौल लावता गे?"

झालं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. कोठाराभोवती भिंत आली, भिंतीवर तोफा आल्या. मग तिसऱ्या वर्षी कप्तानानं मागितलं नाही, सांगितलं. गाव आमचं. वारूळ किल्ल्याच्या आड येतं. उद्या भरतीबरोबर होड्या आणतो आणि सुरुंग लावून उडवतो. मला त्या राजाचा अजून राग येतो. भला माणूस होता, म्हणून जास्तच येतो.

शेजारच्या गावांनी आपापले देव पालखीत घालून नदीपार नेले होते. पण वारूळ कसं उचलणार? राजा मान खाली घालून बसला. मग देवकूनं पाकळ्या लावल्या आणि देवीला बरोबर न्यायचं म्हणून विचारलं, "आये, आमच्यावांगडा येशीत?" उजवी पाकळी पडली. आणि वारुळातून मुंग्या निघाल्या, हजारो मुंग्या, एकेकीच्या तोंडात मातीचा एकेक कण. निघाल्या त्या नदीपर्यंत आल्या आणि थांबल्या. पाणी आडवं होतं ना.

ओहोटी लागली होती. बाप्ये लेकरांना घेऊन आधीच पलीकडे गेले. बायकांनी पेट्यांतली लुगडी काढली, लग्नातले शेले-शालूसुद्धा, आणि पदराला पदर बांधून नदीत उभ्या राहिल्या. लुगडी डोक्यावर धरली. त्यावरून मुंग्या चालू लागल्या. मग भरती सुरू झाली. पाणी गुडघ्याला आलं, कुणी हलली नाही. कमरेला आलं, कुणी हलली नाही. गळ्याशी आलं, लेकरं त्या काठावरून रडू लागली, तरी कुणी हलली नाही.

अलीकडचं टोक कोण धरणार, हा प्रश्न आधीच आला होता. तिथं मागं राहायचं म्हणजे फिरंग्यांच्या हाती सापडायचं. राजा म्हणाला, "मी धरतंय. मीच त्यांका घरात घेतलंय." आणि त्यानं टोक कमरेला बांधलं.

होड्या आल्या. कप्तान बघतो तर वारुळाच्या जागी सपाट जमीन. त्यानं विचारलं, कुठाय तुमची देवी?

राजा म्हणाला, "घर तुमचा झाला. घरकारीण गेली."

तेवढ्यात शेवटची मुंगी पार झाली. बायकांनी लुगडी ओढली, त्याबरोबर राजाही पाण्यात ओढला गेला. बंदुका सुटल्या. राजा पलीकडे पोचला, पण खांद्याला गोळी लागली होती. तो हात पुढं कधी वर उचलला नाही.

घरं गेली, शेतं गेली, माडांची बाग गेली. ती परत मिळाली असं मी तुम्हांला खोटं सांगणार नाही. मुंग्या मात्र थांबल्या नाहीत. पलीकडच्या एका झाडाखाली मनगटाएवढी ओली माती उभी राहिली. एक लहान पोर कुडकुडत देवकूजवळ आली आणि म्हणाली, "आये, आपला घर खंय?"

देवकूनं तिचा हात धरून त्या मातीवर ठेवला. "ह्या काय. हंय."

मग पोर तिथंच आडवी झाली. तिच्याजवळ बाया टेकल्या, बाप्ये टेकले, राजाही टेकला. सगळी वाचली होती, एकत्र होती. तशीच निजली. तुम्हीही डोळे मिटा बघू.