म्हाताऱ्या सेलची जागा

खूप वर्षं झाली बघा. दुरुस्तीवाल्या जनुमामांच्या टेबलावर वीज मोजणारं एक जुनं यंत्र होतं. त्याच्या पोटातला इवलासा सेल तीस वर्षं त्याची सगळी मापं लक्षात ठेवत आला होता. आता तो पार थकला.

नवा सेल येताच गुरकावला, "उठा आजोबा, किती जागा अडवाल?"

यंत्र कळवळलं, "अरे, जागा क्षणभर रिकामी राहिली तरी मी सगळं विसरेन!"

म्हातारा म्हणाला, "पोरा, आधी शेजारी बस. भार पेलला की मी उठतो."

मामांनी आधी नव्याच्या तारा जोडल्या, मगच जुन्याच्या सोडवल्या.

"काही विसरलास का रे?" म्हाताऱ्यानं टेबलावरून विचारलं.

"एक आकडासुद्धा नाही," यंत्र म्हणालं.

नवा सेल मात्र हळूच पुटपुटला, "आजोबा, एवढं सगळं तुम्ही एकट्यानं धरलं होतंत?"